गाजराला दोन पाय का फुटतात?

गणपती उठले की बियाण्यांची पाकिटं बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रं सुरू होतात. या वेळी गठ्ठ्यात गाजराचीच जास्त आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी बऱ्याचशा एकाच जागी जाऊन पोहोचतात: पेरणी आणि तिच्यानंतरचे तीन-चार आठवडे. गाजर बिघडतं त्याच काळात, आपल्याला कळतं मात्र उपटताना.

प्रश्न (सोलापूर): परसातल्या काळ्या मातीत पुसा केसर हे गाजराचं वाण लावलं. शेणखत भरपूर घातलं. पाला गुडघाभर वाढला, पण गाजरं दोन-तीन तंगड्यांची, काही तर एकमेकांत पिळलेली निघाली. कुठे चुकलं?

उत्तर: ‘भरपूर’ या शब्दातच अर्धं उत्तर आहे. उगवल्यावर गाजराचं सोटमूळ आधी खाली धावतं. तीन-चार आठवड्यांत ते बरंच खोल जातं, पण तोवर सुतळीएवढंही जाड नसतं. जाडी नंतर भरते. या धावण्याच्या काळात मुळाचं टोक खड्याला, ढेकळाला किंवा अर्धवट कुजलेल्या शेणाच्या गोळ्याला अडलं की ते मरतं आणि बाजूची मुळं पोसायला लागतात. तेच तुमचे ‘पाय’. ताज्या शेणखतातलं नत्र पाल्याला मिळतं, म्हणून वर गुडघाभर झाड आणि खाली बोटाएवढं गाजर. पिळलेली जोडी ही विरळणी, म्हणजे दाट आलेली रोपं कमी करणं, न केल्याची खूण.

एका चौरस मीटरला पूर्ण कुजलेलं, चाळलेलं खत २ ते ३ किलो पुरे, तेही पेरणीच्या महिनाभर आधी. त्याहून बरं म्हणजे खत आधीच्या मेथीला घालावं आणि गाजराला नुसती उरलेली जमीन द्यावी. युरिया अजिबात नको. राखही तुमच्याकडे नको. पालाशासाठी ती चांगली, पण सोलापूरकडची काळी जमीन बहुधा आधीच विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) असते आणि राखही तशीच.

काळ्या मातीत चार घमेली वाळू मिसळून ती सुधारत नाही, उलट वाळली की विटेसारखी होते. त्यापेक्षा तिच्यावरच विटांचा किंवा फळ्यांचा आडोसा करून २५ ते ३० सेंमी उंच गादीवाफा करा आणि त्यात पोयट्याची माती चाळून भरा. वाफ्यात पाय ठेवायचा नाही, म्हणून रुंदी हात पोहोचेल इतकीच, ९० सेंमीपर्यंत.

यंदाची तंगडीवाली गाजरं मात्र फेकू नका. पुंगी वाजली नाही तर मोडून खायचीच असते.

प्रश्न (कल्याण): गच्चीत दोनदा पेरलं. वीस दिवसांत जेमतेम पाच रोपं. बी खोटं असावं का?

उत्तर: असू शकतं. गाजराचं बी दोन-तीन वर्षांत बरंच थकतं, त्यामुळे पाकिटावरची तारीख आधी पाहा. पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. हे बी उगवायला ८ ते १५ दिवस घेतं आणि ते असतं मातीच्या वरच्या सेंटीमीटरभर थरात. गच्चीत तो थर दुपारी दोन तासांत वाळतो. एकदा मोड सुटून बी वाळलं की संपलं.

बी रात्रभर भिजवा, सकाळी सावलीत सुकवा आणि चौपट कोरड्या वाळूत मिसळा, म्हणजे चिमटीतून सारखं पडतं. एका ग्रॅममध्ये साधारण ८०० बिया असतात, तेव्हा एका चौरस मीटरला एक ग्रॅमही जास्तच. २० सेंमी अंतरावर, १ सेंमी खोल रेघा ओढून पेरा. वरून माती नको, तिची पापडी धरते. चाळलेलं गांडूळखत किंवा कोकोपीट भुरभुरवा. झारीने पाणी द्या, ओलं गोणपाट अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ तेच भिजवत राहा. सहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहायचं. पहिले हिरवे टिपके दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं गोणपाटात गुंततात आणि त्याच्याबरोबर उपटून येतात.

तीन आठवड्यांनी विरळणी करून ३ सेंमी अंतर ठेवा, सहाव्या आठवड्यात ६ ते ८ सेंमी. जास्तीची रोपं उपटण्याऐवजी कात्रीने कापा, शेजारच्याचं मूळ हलत नाही. जीव खालीवर होतो हे मान्य, पण दाटी ठेवली तर सगळीच बारीक राहतात. कुंडीत लावणार असाल तर खोली किमान ३० सेंमी हवी. १२ इंच व्यासाच्या कुंडीत दहा-बारा गाजरं नीट पोसतात. ऊन सहा तास तरी हवंच.

प्रश्न (पुणे): ट्रेमध्ये रोपं करून लावली तर?

उत्तर: नको. रोप उचलताना सोटमुळाचं टोक तुटतं, मग सोलापूरसारखंच.

प्रश्न (नाशिक): गाजरांवर बारीक गाठी आहेत, केसाळ मुळंही खूप. त्याच जागी आधी टोमॅटो होते.

उत्तर: गाठी असतील तर संशय सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, आणि टोमॅटो, वांगी, भेंडी ही त्यांची आवडती पिकं. नुसती केसाळ मुळं जास्त नत्राने किंवा पाणी साचल्यानेही येतात. त्या वाफ्यात पुढची दोन वर्षं गाजर नको. मधल्या हंगामात झेंडू दाट लावा. एप्रिल-मेमध्ये वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकने पाच-सहा आठवडे घट्ट झाका. पुढच्या लागवडीआधी चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा.

प्रश्न (रत्नागिरी): गाजर येतं, पण फिकट. रंगासाठी काय घालू?

उत्तर: घालण्यासारखं काही नाही. रंग चांगला भरतो १५ ते २० अंशांत, आणि तुमच्याकडे थंडीतही दुपारी तिशी ओलांडते. नोव्हेंबरच्या मध्यात पेरा, म्हणजे मूळ भरण्याचा काळ जानेवारीत येईल. वाण देशी घ्या. नांतेसारख्या विलायती वाणांना गारवा जास्त लागतो. आणि जांभ्याचे खडे चाळून काढलेत ना?

प्रश्न (स्लाव, इंग्लंड): अलॉटमेंटमधल्या (भाड्याने घेतलेल्या बागेच्या तुकड्यातल्या) गाजरांत तपकिरी बोगदे आणि पिवळट अळ्या. भारतातल्या नातेवाइकांना विचारलं तर कुणी पाहिलेलंच नाही.

उत्तर: त्यांच्या बागेत ती नसतेच. ही तुमच्या थंड मुलखातली गाजरमाशी. मे-जूनमध्ये तिची पहिली पिढी अंडी घालते आणि पाला चुरगळला की वासावर येते. जूनच्या मध्यानंतर पेरा, म्हणजे ती पिढी टळते. पेरल्याबरोबर वाफा बारीक जाळीने पूर्ण झाका किंवा भोवती ६० सेंमी उंच आडोसा करा, कारण ही माशी जमिनीलगत उडते. विरळणी संध्याकाळी करून कापलेला पाला लगेच दूर न्या. जागा दरवर्षी बदला, नाहीतर मातीतल्या कोषांतून निघालेल्या माश्या जाळीच्या आतच राहतील. फ्लायअवे आणि रेसिस्टाफ्लाय या वाणांना कमी लागण होते, अजिबात होत नाही असं नाही.

प्रश्न (कोल्हापूर): काढली तेव्हा गोड होती, फ्रिजमध्ये आठवड्यात कडू झाली.

उत्तर: त्याच कप्प्यात सफरचंदं, केळी किंवा टोमॅटो होते का? पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडवट होतं. पाला कापून, न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत फळांपासून लांब ठेवा.