पुन्हा शिकाऊ होण्याची तयारी

प्रश्न : माझे वय ५४ आहे. उभी हयात हिशेबाच्या कामात गेली. अलीकडे कार्यालयातील सगळा व्यवहार नव्या संगणकप्रणालीवर गेला आणि तेव्हापासून मला उठता-बसता मुलाच्या वयाच्या सहकाऱ्याला हाक मारावी लागते. घरीही मोबाईलमध्ये काही अडले की मुलगी फोन हातातून घेते आणि काम करून परत देते. आताशा मला नव्या गोष्टींची चीडच येते. निवृत्तीपर्यंतची वर्षे कशीबशी ढकलावीत, असे वाटते. सगळे म्हणतात, मन तरुण ठेवा. म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : ज्या कामात वर्षानुवर्षे लोक आपल्याला विचारायला येत होते, त्याच कामात आता आपल्याला दुसऱ्याला विचारावे लागते, हे आपल्याला संगणकापेक्षा जास्त बोचते आहे, असे पत्रावरून वाटते. विशीत सगळेच नवखे असतात, त्यामुळे चुकण्याची फारशी लाज वाटत नाही. पन्नाशीपर्यंत मात्र आपली एक पत तयार झालेली असते आणि ती चारचौघांत बाजूला ठेवून पुन्हा शिकाऊ व्हावे लागते. ही तयारी ज्याची शाबूत आहे, त्याचे मन तरुण आहे, असे मी समजतो. बाकी उत्साहाचे प्रदर्शन केले काय आणि न केले काय, सारखेच.

आपली बुद्धीच मंदावली असावी, ही धास्ती पत्रात स्पष्ट लिहिलेली नसली तरी ओळींमधून डोकावते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञांनी बुद्धीचे दोन प्रकार मानले होते : अपरिचित अडचणीतून चटकन वाट काढणारी एक आणि शिक्षणातून, अनुभवातून साचत गेलेली दुसरी. वॉर्नर शाय यांनी अमेरिकेतील सिएटल येथे १९५६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे अनेक दशके चाललेल्या अभ्यासात असे दिसले, की काम उरकण्याचा वेग तुलनेने लवकर उतरणीला लागतो, पण शब्दसंपत्तीसारख्या क्षमता बहुतेकांत साठीपर्यंत चांगल्या टिकून राहतात. याचा आपल्यापुरता अर्थ असा, की पडद्यावरचा योग्य रकाना सापडायला आपल्याला त्या सहकाऱ्यापेक्षा अधिक वेळ लागेल. परंतु त्या रकान्यात पडलेला आकडा कुठेतरी गडबडला आहे, हे बहुधा आपल्याच आधी लक्षात येईल. ही देवाणघेवाण बरोबरीची आहे. तेव्हा संकोच कशाचा?

आता शिकण्याच्या रीतीविषयी. मुलीला फोन हातात घेऊ देऊ नका. तिला शेजारी बसवा, हात मागे घ्यायला सांगा आणि फक्त तोंडाने सांगू द्या. बोट आपलेच चालले पाहिजे. चुकीचे बटण दाबले जाईल, ती सुस्कारा सोडेल, तो निमूटपणे सोसा. काम झाले की त्याच्या पायऱ्या एका वहीत आपल्या शब्दांत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी तेच काम आधी वही न उघडता करून पाहा. टिपण पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवण्याच्या धडपडीतून गोष्ट अधिक पक्की होते, हे शिक्षणावरील संशोधनात वारंवार दिसले आहे. कार्यालयातही दर अडचणीला हाक मारण्याऐवजी शंका लिहून ठेवा आणि दिवसाअखेरीस एकदम विचारा. निम्म्या शंका तोवर आपल्याच सुटलेल्या असतील.

शिकून झाल्यावरही प्रणालीत दोष आहे असे वाटले, तर ते अवश्य बोलून दाखवा. प्रत्येक बदलापुढे मान डोलावलीच पाहिजे, असे मी मुळीच म्हणत नाही. पण न वापरता केलेल्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मला छायाचित्रण रीतसर शिकायचे आहे, पण वर्गात सगळी तरुण मुले असतील. मुलगा म्हणतो, ‘या वयात एवढा खटाटोप कशाला? घरी शब्दकोडी सोडव, बुद्धीला तेवढीच चालना मिळेल.’ आपण काय सुचवाल?

उत्तर : बाई, वर्गात नाव घाला. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या व्यक्तींवर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीकाम नव्याने शिकले. काहींनी तेवढाच वेळ गप्पागोष्टी व सहलींत घालवला आणि काहींनी घरच्या घरी शब्दकोड्यांसारखी सोपी कामे केली. स्मरणशक्तीतील सुधारणा प्रामुख्याने नवे, अवघड काही शिकणाऱ्यांत आढळली. जन्मभर शिकवण्यात घालवलेल्या व्यक्तीला शब्दकोडे म्हणजे ओळखीची वाट. कॅमेऱ्याचे छिद्र लहान केले की चित्र अंधारते, मग प्रकाशाला अधिक वेळ द्यावा लागतो आणि तेवढ्यात हात हलतो, हे गणित मात्र आपल्याला खरोखर दमवील. अर्थात, याने विस्मरणाचा आजार टळेल, अशी हमी कोणी देऊ नये.

‘या वयात’ हे शब्द घरात सहज बोलले जातात, पण ते आपण स्वतःबद्दल खरे मानू लागलो की महाग पडू शकतात. बेका लेव्ही यांच्या २००२ मधील अभ्यासात, स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले. नजर बदलल्यामुळेच आयुष्य वाढले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी मुलाच्या कानावर ही गोष्ट घालायला हरकत नाही. आणि वर्गातल्या तरुण मुलांचे म्हणाल, तर ती आपापल्या कॅमेऱ्यात गुंतलेली असतील.

प्रश्न : माझ्या तोंडात सतत ‘आमच्या वेळी’ येते आणि मुलगा उठून जातो. ही सवय कशी मोडू?

उत्तर : सवय मोडण्याच्या मागे लागू नका, त्याने विचारले की आपल्या वेळचे खुशाल सांगा. तूर्त ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही, असा एखादा प्रश्न त्याला विचारा. त्याच्या कामात सध्या सगळ्यांत कटकटीचे काय आहे, हे विचारले तरी चालेल. मात्र त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत उपाय सुचवू नका.