वाचकांचे प्रश्न : डॉ. अ‍ॅडा इंग्लिश आणि रातांब्यांचं काम

प्रश्न : आयर्लंडच्या पहिल्या स्त्री मनोविकारतज्ज्ञ डॉ. अ‍ॅडा इंग्लिश रुग्णांना कामात गुंतवत, असं वाचलं. माझा धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून घरी आला. मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं लिथियम हे औषध चालू आहे. रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) कामाला बसवलं, तर तासाभरात उठून जातो. काय चुकतंय?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पहिलेपणाचा मान डॉ. एलिओनोरा फ्लरी यांचा. मनोरुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १८९४ मध्ये त्यांना सभासद करून घेतलं. तोवर तिथे एकही स्त्री नव्हती. आपल्या रखमाबाई विलायतेत डॉक्टर झाल्या, तेही याच साली.

डॉ. इंग्लिश नंतरच्या. जन्म १८७५, पदवी १९०३. पुढल्या वर्षी बॅलिनस्लोच्या मनोरुग्णालयात रुजू झाल्या आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिल्या. मध्ये १९२१ साली स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास घडला, त्याच वर्षी त्या आयरिश संसदेवर निवडून आल्या, ब्रिटनशी झालेल्या तहाविरुद्ध मत दिलं. रुग्णालय मात्र सोडलं नाही. तिथे त्यांनी व्यवसायोपचार, म्हणजे रुग्णाला कामात गुंतवून करायचा उपचार, रुजवला. १९४१ मध्ये प्रमुख झाल्या, १९४४ मध्ये वारल्या.

आता भावाचं. तासभर हा आजारातून उठलेल्या माणसाला फार होतो. वीस मिनिटांपासून सुरुवात करा, तीही सकाळी दहाच्या सुमारास. रात्रीच्या गोळीची गुंगी तोवर उतरते. एकच काम द्या : पिकलेले रातांबे निवडून धुणं. चार-पाच दिवस जमलं की सालींना मीठ लावणं. फोडायचं काम शेवटी, कारण लिथियमने हात बारीक थरथरतात आणि सुरी निसटते.

साली उन्हात घालायला त्याला मुळीच पाठवू नका. मे महिन्यातल्या घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. पाणी भरपूर द्या, जेवणातलं मीठ तोडू नका. अंगदुखीवर मनाने आयब्युप्रोफेन नको. त्यानेही लिथियम वाढतं. उलट्या-जुलाब, झोकांड्या, जड जीभ, हाताची मोठी थरथर दिसली, तर पुढची गोळी देण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवीची लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.

आणि त्याला मजुरी द्या. रुग्णालयात सक्तीने काम करून घेऊ नये, केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. घरच्या माणसाला त्याहून कमी का?