कास्टिंग नंबरावरून निकेलचे प्रमाण कळते का?

प्रश्न : मामांच्या जुन्या शेवरलेसाठी कुर्ल्यात ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाचा ब्लॉक मिळतो आहे. टायमिंग कव्हरच्या मागे त्यावर ‘०१०’ आणि ‘०२०’ असे उठावाचे आकडे आहेत. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार त्यांचा अर्थ एक टक्का कथील आणि दोन टक्के निकेल असा होतो. हा ‘शिवडीच्या जनरल मोटर्सचा अस्सल माल’ असल्याचे सांगून तो जादा किंमत मागतो. ती द्यावी का?
– एक वाचक, परळ

उत्तर : देऊ नये. शिवडीचा मुद्दा आधी निकालात काढू. जनरल मोटर्सने तेथे १९२८ पासून गाड्यांची जोडणी केली आणि १९५४ मध्ये काम थांबवले. ३५० घनइंची इंजिन मात्र १९६७ च्या मॉडेलबरोबर आले.

आता आकड्यांविषयी. कथील-निकेलची ही समजूत अमेरिकेतही दीर्घकाळ प्रचलित आहे, पण धातुशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. राखाडी बिडात (ब्लॉक ज्याचे ओततात त्या ओतीव लोखंडात) कथील घालतात ते पर्लाइटची, म्हणजे धातूच्या आतल्या कणखर थरांची, रचना स्थिर राहावी म्हणून, आणि तेही साधारण ०.१ टक्क्यापर्यंतच, त्याच्या दहापट कथील असलेले बीड इतके ठिसूळ होईल की इंजिनासाठी ते कोणी ओतणार नाही. शिवाय ३५० च्या अतिशय प्रचलित ब्लॉकचा कास्टिंग नंबर (साच्यातून ब्लॉकवर उमटणारा क्रमांक) ३९७००१० आहे, त्याचे शेवटचे तीन आकडे आपण स्वतःच पाहावेत. पूर्ण क्रमांक गिअरबॉक्सच्या बाजूच्या मागील कडेवर सापडेल.

कास्टिंग नंबर असतो साच्याचा, भट्टीतल्या रसाचा नव्हे. मोदकाच्या साच्यावरून सारणात गूळ किती, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे : एकाच साच्यात वर्षानुवर्षे ओतकाम होते आणि प्रत्येक घाण्याचे रासायनिक प्रमाण भट्टीत पडलेल्या कच्च्या मालानुसार थोडेफार बदलते. त्या क्रमांकावरून इंजिनाची जात, घनक्षमता आणि साधारण कालखंड ठरवता येतो. जवळच असलेल्या तारखेच्या खुणेत पहिले अक्षर महिन्याचे असते (‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एल’ म्हणजे डिसेंबर), पुढे दिवस आणि बहुधा वर्षाचा केवळ शेवटचा आकडा; त्यामुळे १९७० आणि १९८० यांत गफलत होऊ शकते.

निकेल खरोखरच जाणून घ्यायचे असेल, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जावे. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने निकेल, क्रोमियम, तांबे आणि कथील मोजता येते, मात्र रंग, गंज आणि ओतकामाची वरची साल घासून स्वच्छ धातू उघडा करावा लागतो. या यंत्राला कार्बन दिसत नाही; त्यासाठी ब्लॉकच्या बिनमहत्त्वाच्या जागेतून ड्रिलने काढलेला कीस रासायनिक पृथक्करणासाठी द्यावा. धातूवर कठीण गोळी दाबून केली जाणारी ब्रिनेल चाचणी कठीणपणा सांगते, मिश्रधातूचे प्रमाण नाही. केवळ कठीणपणाच्या आकड्यावरून ‘निकेल भरपूर आहे’ म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये.

माझ्या मते खर्च करायचाच, तर तो सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजण्यावर आणि चुंबकीय कणांच्या चाचणीने तडे शोधण्यावर करावा. बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) वाढवण्याचा निर्णय या दोन गोष्टींवरच ठरतो. यंत्र पोलादासाठी जुळवलेले असेल तर बिडाची भिंत प्रत्यक्षापेक्षा जाड दिसते, कारण ध्वनी बिडातून पोलादापेक्षा सावकाश जातो. म्हणून जाडी माहीत असलेल्या बिडाच्या तुकड्यावर यंत्र आधी जुळवून घेण्यास सांगावे.

एक व्यवहाराची बाब : इंजिन क्रमांक ओतलेला नसून पुढील बाजूस, सिलिंडर हेडलगतच्या सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासून घेताना तो पुसला जाण्याचा धोका असतो. सौदा करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ब्लॉक बसवण्याआधी परिवहन कार्यालयाकडे इंजिन बदलाची परवानगी मागावी.