कन्स्ट्रक्टरमध्ये तोच कोड पुन्हा पुन्हा येत असेल तर

जावात बँक खात्याच्या क्लासला तीन कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) आणि तिन्हींत त्याच ओळी असतील, तर सगळ्यात जास्त पॅरामीटर घेणारा आधी नीट लिही. शिल्लक ऋण नाही ना ही तपासणी, फील्ड (ऑब्जेक्टची माहिती ठेवणारी व्हेरिएबल) भरणं, सगळं तिथेच. बाकीच्यांनी फक्त this(नाव, 0) म्हणत काम त्याच्याकडे सोपवायचं.

सामाईक कोड वेगळ्या इनिट मेथडमध्ये टाकायचा मोह होईल. टाळच. फायनल फील्ड (एकदाच भरता येणारं) मेथडमधून भरता येत नाही, कंपायलर अडवतो. शिवाय ती मेथड सबक्लासने (या क्लासवरून बनवलेल्या क्लासने) ओव्हरराइड केली, म्हणजे स्वतःची वेगळी लिहिली, तर ती चालते तेव्हा सबक्लासची स्वतःची फील्ड अजून भरलेलीच नसतात. मग नल पॉइंटर एक्सेप्शनचं (रिकामं फील्ड वापरल्यावर येणाऱ्या एररचं) मूळ शोधत बसावं लागतं.

आणि हो, चार ओळी वाचवायला इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बनवणं) आणू नकोस.