आधी सज्जात बसून ये

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा आराखडा वाचला. जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या, मागाहून सहज बदलता न येणाऱ्या नोंदवहीत! विषय झकास आहे, अनुदानही मिळेल. पण मला विचारशील तर आधी पंधरा दिवस एखाद्या तलाठी सज्जात, म्हणजे तलाठ्याच्या कचेरीत, बसून ये. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात मात्र अजून तलाठीच.)

सातबारा संगणकावर आला तेव्हा आम्ही सगळे उतारा किती मिनिटांत निघतो यावर खूष होतो. वहीतल्या चुका तशाच आत गेल्या आणि टंकताना नव्या पडल्या. दशांश चिन्ह एक घर सरकलं की 0.40 हेक्टरचे 4.00 होतात. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातली बहिणीची नोंद गळली तर ते भाऊ सांगायला येत नाही. शेवटी 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. संगणकाचं काम बरोबर आहे का, ते लोकांना मोठ्याने वाचून दाखवून तपासायचं! माझ्या मते खरा विषय इथे आहे. चूक कोणाच्या लक्षात आली, दुरुस्तीला किती हेलपाटे पडले, रोजगार किती बुडाला, हे मोज. महसूल संहितेचं कलम 155 मुख्यतः लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीसाठी आहे. लेखनप्रमाद कुठे संपतो आणि हक्काचा वाद कुठे सुरू होतो, हे तहसीलदार कसं ठरवतात ते बघ.

दुसरं, नावं. सातबाऱ्यावर 'पांडुरंग रामा', आधारवर 'पांडुरंग रामचंद्र'. माणूस एकच, पण यंत्राला दोन. त्यात जुन्या फायली 'सुरेख' या जुन्या फाँटात, आजच्या युनिकोड अक्षरांत शोधून सापडत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी हात घालत नाही.

वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसराचं उदाहरण जरूर घे. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या 70 गावांसाठी गावोगाव संगणक नेण्याची मोठी योजना आखली गेली. पुढे संशोधकांनी पाहिलं, तर संगणकाचा वापर मुख्यतः उसाच्या हिशेबापुरता. मग 7 गावांत तेच काम मोबाइलच्या एसेमेसवर करून पाहिलं आणि ते भागलं. असा साधा प्रश्न विचारणारं संशोधन आपल्याला परवडतं.

आणि पहिल्या पानावरचा तो विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांच्या 35 टक्के पूर्ण अपयशाचा आकडा संशोधक रिचर्ड हीक्स यांनी अंदाज म्हणून दिला होता. तू तो मोजणी असल्यासारखा मांडला आहेस, तेवढं बदल.

सज्जात पहिल्याच दिवशी माहिती मागू नकोस. बाकावर बस, आणि येणारी माणसं पिशवीतून कोणकोणते कागद काढतात ते लिहून घे.