उच्च सुरक्षा वॉर्डात जाण्यापूर्वी

लष्कर, ग्वाल्हेर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

विधिक सेवेच्या, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याच्या कामासाठी तुला जेलच्या उच्च सुरक्षा वॉर्डात पाठवताहेत असं कळलं. आई घाबरली आहे, तिची समजूत मी काढीन.

तिथे कुणालाही 'काय केलंस?' असं विचारू नकोस. 'कोर्टातली पुढची पेशी, म्हणजे तारीख, कधी?' असं विचार. यांतले बरेचसे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले असतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाची वाट आहे. पण जन्मठेप किंवा फाशीची कलमं असतील, एकाहून जास्त खटले असतील, तर ती बंद. या वॉर्डातली माणसं नेमकी तिथेच अडकतात. तेव्हा खोटी आशा दाखवू नकोस.

आता पेशीही बहुधा व्हीसीवरच, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओवर होते. बंदोबस्ताच्या दृष्टीने सोयीचं आहे, कबूल. पण पूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात, बेडीतल्या हाताने का होईना, बाप लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायचा. ते गेलं. उरली जेलमधली मुलाकात, आणि गावाहून यायला भाड्याचे पैसे नसले की तीही नाही. माझ्या मते सुधारणा इथेच खुंटते. बाहेर आपलं म्हणणारं कुणी नसेल, तर माणसाने बदलायचं कुणासाठी?

सुरक्षेसाठी वेगळं ठेवणं आणि एकांतवासाची शिक्षा यांत फरक आहे. ती शिक्षा जेलच्या अधिकाऱ्यांना आपल्या मर्जीने देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सुनील बत्रा खटल्यात सांगितलंय. कुणी दिवसेंदिवस एकटा कोंडलेला दिसला, तर विधिक सेवा प्राधिकरणाला लेखी कळव.

असली माणसं सुधारत नाहीत, असं तुला ऐकवतील. चंबळच्या बागींनी, म्हणजे डाकूंनी, 1960 मध्ये विनोबांपुढे आणि 1972 मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे बंदुका ठेवल्या. पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुली जेल निघाली. नुसत्या उपदेशाने हे झालं नाही. फासावर चढवणार नाही, बायकामुलांना वाऱ्यावर सोडणार नाही, असा भरवसा 1972 च्या बागींना मिळाला होता. ज्यांची माणसं या बागींनी मारली, त्यांना हे फार जड गेलं. त्यांचं दुःखही मनात असू दे.

वॉर्डरांशी अदबीने वाग. रात्रंदिवस तेच तिथे असतात. पहिल्या खेपेला प्रत्येकाकडून एवढंच लिहून आण: घरचं कोण यायचं थांबलं, आणि कधीपासून. रविवारी वही घेऊन घरी ये, आपण दोघं बसून एकेका घरी फोन लावू.

तुझा,
काका