मैफलीचं रेकॉर्डिंग ‘मास्टर’ केल्यावर कान का शिणतात?

प्रश्न : मुलीच्या ख्यालगायनाच्या मैफलीचं रेकॉर्डिंग एका स्टुडिओतून मास्टर करून, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवून घेतलं. आवाज बराच मोठा झाला, डग्गाही भरदार वाटला. पण थोड्याच वेळात कान शिणतात आणि तान संपली की तानपुरा फुगून वर येतो. दोष आमच्या कानांचा की रेकॉर्डिंगचा? – एक वाचक, सांगली

उत्तर : कान तुमचे उत्तम आहेत. तानपुरा पकडलात, तिथेच सगळं आलं.

हे काम कॉम्प्रेसरचं, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणाऱ्या यंत्रणेचं. समजा, थ्रेशोल्ड (दाब सुरू होतो ती पातळी) उणे २० डेसिबलला आणि रेशो ४:१ ठेवला, म्हणजे त्यावरच्या दर चार डेसिबलचा एकच उरतो. (रेकॉर्डिंगची कमाल पातळी शून्य, म्हणून आकडे उणे.) तान उणे ४ पर्यंत गेली, म्हणजे थ्रेशोल्डच्या १६ वर. त्यातले ४च उरतात, १२ डेसिबल दाबले जातात. मग भरपाई म्हणून सगळंच १२ने उचलतात. तान होती तिथेच राहते. पण ती थांबली की दाब सुटतो आणि उणे ४० वरचा तानपुरा उणे २८ वर येतो. दहा डेसिबल वाढले तरी कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, इथे तर बारा आहेत! तबल्याच्या चाटेवरच्या (कडेवरच्या) ‘ना’ची धारही अशीच बोथट होते.

मला याचं फार वाईट वाटतं. मंद्रातली आलापी आणि द्रुतातली तान यांच्यातला चढउतार गायकाने वर्षानुवर्षं घोटलेला असतो. तो सपाट केला की कानाला विसावा कुठेच मिळत नाही.

डग्ग्याचं म्हणाल, तर बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तोच डग्गा भरदार वाटतो. म्हणून मास्टर केलेली फाइल गाणं मूळ फाइलइतकंच मोठं वाटेपर्यंत खाली आणा आणि मग दोन्ही लागोपाठ ऐका. माझी खात्री आहे, तुम्ही मूळ फाइलच निवडाल.

इंटरनेटवर टाकायची म्हणून मोठी हवी, असं स्टुडिओवाले सांगतील. ते ऐकू नका. यूट्यूब, स्पॉटिफाय अशी फाइल वाजवताना स्वतःच खाली आणतात.

स्टुडिओला पुन्हा मास्टर करायला सांगा : रेशो दीड-दोनच्या वर नको, दाब दोन-तीन डेसिबलपुरताच, रिलीज (दाब सुटण्याचा वेग) संथ. आणि मूळ २४ बिटची फाइल आधी मागून घ्या.